कंट्रोलर कुणाशी जोडलाय

पेई-शानचं काम म्हणजे लोकांच्या शिव्या ऐकायच्या आणि त्यांना बॅटरी बदलायला सांगायचं. तैवानातल्या शीझी गावी, एका करड्या इमारतीत, नळाच्या तोट्या विकणाऱ्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर, गेमचे वायरलेस कंट्रोलर बनवणारी एक लहानशी कंपनी होती. तिच्या मदत-केंद्रात पेई-शान आणि कोंग असे दोघे बसत. फोन करणाऱ्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच: कंट्रोलर पीसीला जोडला जात नाही. बहुतेकांची बॅटरी संपलेली असायची. उरलेल्यांनी ती उलटी घातलेली असायची. त्यातूनही कुणी शिल्लक राहिलाच तर खरं काम सुरू व्हायचं. जुनी जोडणी पुसा. पाठीमागच्या बारीक भोकात टाचणी खुपसा. दिवा लुकलुकायला लागला की हात काढा. लुकलुकतोय म्हणजे शोधतोय, स्थिर झाला म्हणजे सापडला.

"आणि काहीच झालं नाही तर?" लोक विचारत.

"तर मायक्रोवेव्ह बंद करा," पेई-शान सांगे. हे खरंच कंपनीच्या सूचनांमध्ये होतं.

त्या गुरुवारी दुपारी तिच्या स्वतःच्या मोबाइलवर आईचा फोन आला.

"अ-होंग, तो दिवा परत लुकलुकतोय बघ."

"मी पेई-शान, आई."

"माहितीये गं मला. मीच जन्म दिलाय."

अ-होंग म्हणजे पेई-शानचा थोरला भाऊ. गेल्या हिवाळ्यात जिन्याखाली स्कूटर लावता लावता तो गेला, हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. पण आईच्या तोंडात पहिलं नाव अजून त्याचंच यायचं. हे काही दुःखामुळे नव्हतं. पेई-शान बोलायला लागली तेव्हापासूनचं होतं. पेई-शानला हाक मारायची तर आधी "अ-होंग", मग जिभेला ब्रेक, मग "...पेई-शान". तिने या बिघाडाचा एखाद्या तंत्रज्ञासारखा अभ्यास केला होता. तो एकाच दिशेने व्हायचा. आईने अ-होंगला चुकून "पेई-शान" म्हटल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. आईने एकदा, फक्त एकदा, न अडखळता पहिल्या झटक्यात आपलं नाव घ्यावं, एवढीच तिची इच्छा होती. छत्तिशीतल्या बाईने असली इच्छा बाळगणं हास्यास्पद आहे, हे तिला कळत होतं. इच्छेला कळत नव्हतं.

"बॅटरी बदललीस?"

"बदलली. उलटी नाही घातली. मायक्रोवेव्ह पण बंद केलाय. तू मला गिऱ्हाईक समजू नकोस."

अ-होंग गेल्यापासून आई रोज जेवण झालं की त्याच्या पीसीसमोर बसायची. त्याच्या गेममध्ये एक बेट होतं, बेटावर लाकडी घर आणि मागे कोबीचा वाफा. वाफा अ-होंगने लावलेला. दोन दिवस पाणी घातलं नाही तर कोबी माना टाकायचा. आईला माऊस धरता यायचा नाही, कीबोर्डवर तर ती बोटांनी मुंग्या मारल्यासारखी मारायची. कंट्रोलर मात्र तिला जमला. पोरगा गेला तो गेला, निदान त्याचा कोबी तरी जगवायचा, असा तिचा हिशेब होता. आणि तो कंट्रोलर पेई-शानने भावाला वाढदिवसाला दिलेला. कंपनीच्या सवलतीत.

"शनिवारी येते," ती म्हणाली. "तोवर कोबीला सांग, धीर धर."

शेजारी कोंग हसला. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि कशालाही न घाबरणारा. त्याने आपल्या पीसीवर मक्याच्या कुरमुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं होतं, यंत्र शहाण्यासारखं वागावं म्हणून. सगळ्या तैवानात ठेवतात. हिरवंच लागतं, पिवळं ठेवलं तर यंत्र रुसतं. कोंगने इंजिनियरिंग केलं होतं आणि पाकिटाची शेवटची तारीख तो दर महिन्याला तपासायचा.

"ताई, आईंच्या पीसीवर पाकीट आहे ना?"

"आहे."

"हिरवं?"

"हो रे बाबा."

"मग बिघाड गंभीर आहे," कोंग म्हणाला.

*

कीलुंगमध्ये पाऊस होता, म्हणजे नेहमीचंच. बंदरामागच्या चढावर पायऱ्या, पायऱ्यांच्या कडेला शेवाळ, आणि तिसऱ्या मजल्यावर आईचं घर. ओल शोषणारं यंत्र कोपऱ्यात घुरघुरत होतं. त्याची बादली भरली की आई ती संडासात ओतायची आणि "आज पुन्हा अर्धा समुद्र प्यायलं मेलं" म्हणायची. भिंतीवरच्या फळीवर पूर्वजांच्या नावांची पाटी, तिच्याशेजारी अ-होंगचा फोटो. फोटोत तो हसत होता, कारण तो पासपोर्टचा नव्हता. लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला होता. एका खांद्यावर कुणाचा तरी हात राहून गेला होता. पेई-शानचाच.

"खाल्लंस का?" आईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता माशाच्या वड्यांचा रस्सा पुढे ठेवला.

पेई-शान कामाला लागली. रिसीव्हर पीसीच्या मागच्या बाजूला होता. तो लांब वायरीने पुढे, टेबलावर आणला. ब्लूटूथ झोपी जाऊ नये म्हणून त्याची वीज वाचवायची सोय बंद केली. जुनी जोडणी पुसली. टाचणी खुपसली. दिवा लुकलुकू लागला.

मग स्थिर झाला.

"झालं," ती म्हणाली.

पडद्यावर मात्र अ-होंगचा माणूस कोबीच्या वाफ्यापाशी ढिम्म उभा. पीसी म्हणत होता, एकही कंट्रोलर जोडलेला नाही. कंट्रोलर म्हणत होता, मी जोडलेलो आहे.

असे फोनसुद्धा तिला यायचे. उत्तर ठरलेलं: जवळपास दुसरं कुठलं तरी यंत्र आहे, कंट्रोलर तिकडे गेलाय. शेजाऱ्यांचा टीव्ही, मुलाचा टॅब. तिने अ-होंगचा जुना फोन कपाटातून काढला. तो बंद होता, बॅटरी फुगलेली. वरच्या मजल्यावर कुणी राहत नव्हतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त खलाशी राहायचे, त्यांच्याकडे रेडिओ होता.

तिने पीसी बंद केला. दिवा स्थिर. घराचं मुख्य बटण पाडलं. ओल शोषणारं यंत्र घरघरत गप्प झालं, आणि त्या शांततेत खिडकीच्या पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाला. दिवा स्थिर.

ती कंट्रोलर घेऊन जिना उतरली. याची ताकद एका खोलीपुरती, फार तर दोन. पायऱ्या उतरत ती रस्त्यावर आली, वडेवाल्याच्या गाडीपाशी, तिथून पार धक्क्याजवळ. जहाजाचा भोंगा झाला. वर ढगाखाली घारी गोल फिरत होत्या. छत्री खांद्याला लावून छत्तिशीतली बाई गेमचा कंट्रोलर पावसात धरून उभी आहे, हे बघून एका म्हाताऱ्याने रस्ता बदलला.

दिवा स्थिर.

सॉफ्टवेअरचा दोष, तिने ठरवलं. दिवा खोटं बोलतोय. आणि उगाच, चाळा म्हणून, तिने अंगठ्याने गेममधल्या माणसाला चालवायची काडी पुढे ढकलली.

कंट्रोलर हातात थरथरला. हलकेच, थांबून थांबून. टप. टप. टप.

ही थरथर ती ओळखत होती. अ-होंगच्या गेममध्ये वाळूवर चाललं तर हाताला काही कळत नाही. लाकडावर चाललं की प्रत्येक पावलाला अशी टिचकी बसते. तिने काडी सोडली. थरथर थांबली. पुन्हा ढकलली. टप. टप. मग एक जाड ठोका, भिंतीवर आपटल्यासारखा. डावीकडे वळवली. टप. टप. टप. ठोका. परत मागे, मध्येच काहीतरी आडवं आलं, टेबलाएवढं. त्याला वळसा घालता येत होता.

भिजत उभं राहून तिने आंधळ्यासारखी ती खोली चाचपली. लहान होती. चारही बाजूंना भिंती होत्या. दार तिला सापडलं नाही.

*

"मला वाटलंच," आई म्हणाली. तिने पेई-शानचे केस टॉवेलने खसाखसा पुसले, भांडं घासल्यासारखे. "त्याच्याशीच जोडलाय तो."

"कुणाशी?"

"कुणाशी काय! आपण त्याला पीसी पाठवला नाही का?"

पाठवला होता. मेलेल्याला हवी ती वस्तू कागदाची करून जाळतात, म्हणजे ती त्याला पोचते. उत्तरकार्याला अशा वस्तू बनवणाऱ्या ल्याओ काकांकडून कागदाचा पीसी करून घेतला होता: कागदी पडदा, कागदी खुर्ची, ते सगळं ठेवायला कागदाची खोली. तो आगीत घालून अ-होंगकडे रवाना केला होता.

"आणि कंट्रोलर?" पेई-शानने विचारलं. विचारल्यावर तिचं तिलाच वाईट वाटलं. मदत-केंद्राचं तोंड.

"तेच तर राहिलं!" आईने कपाळावर हात मारला. "खुर्चीचे हात लक्षात राहिले, कंट्रोलर राहिला. पोरगा बिचारा नुसता पडद्याकडे बघत बसला असेल. म्हणून आपला ओढून घेतोय. तरी मी म्हणते, नाणी सरळ का पडत नाहीत!"

पाठवलेलं पोचलं का, हे मेलेल्या माणसाला नाण्यांनी विचारतात. दोन नाणी टाकायची. एक छाप, एक काटा पडला तर हो. आई गेले कित्येक महिने विचारत होती, पीसी मिळाला का रे? दरवेळी नाही. तिने त्याचा अर्थ स्वतःपुरता लावला होता: लाजतोय. मग: रुसलाय. आता तिला खरं कारण सापडलं होतं आणि ती कित्येक महिन्यांत दिसली नव्हती इतकी खूश होती.

पेई-शानने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मेल्यावरही त्याला नवी वस्तू हवी आहे, आणि मेल्यावरही ती आणायला आपणच जायचंय.

"चल," आई म्हणाली. "ल्याओकडे जाऊन येऊ. अ-होंग... पेई-शान, छत्री घे."

ल्याओ काकांचं दुकान बाजारामागच्या बोळात होतं. बांबूच्या कामट्या, खळीचा वास, आणि छताला टांगलेली एक कागदी मोटार, चारही दारं उघडणारी. काका चष्मा कपाळावर चढवून कंट्रोलर उलटासुलटा बघत राहिले. गिऱ्हाईक कुठल्याही लोकातलं असो, काम नीट व्हायला हवं, असा त्यांचा चेहरा.

"वायरचा करू की वायरलेस?"

"वायरलेस," आई म्हणाली.

"नको. वायरचा घ्या. वायरलेसला मागाहून कटकटी होतात."

"तुमच्याकडे तक्रारी येतात?" पेई-शानने विचारलं.

"येतात ना. स्वप्नात येऊन घरच्यांना सांगतात, मग घरचे मला धरतात." काकांनी चष्मा खाली घेतला. "तुम्ही पण याच धंद्यात ना? तुम्हीच सांगा, वायरचा बरा की नाही?"

"वायरचा बरा," पेई-शान म्हणाली. खोटं बोलणं तिच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"बघा! कळणाऱ्याला कळतं." मग ते जरा घुटमळले. आईकडे बघितलं, पेई-शानकडे बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि फक्त म्हणाले, "पुढच्या शनिवारी या."

*

दरम्यान कोबी वाळायला नको म्हणून कोंगने स्वतःचा कंट्रोलर आईला पाठवून दिला आणि फोनवरून दोन मिनिटांत जोडूनही दिला. तो मुकाट्याने चालला.

"तो पोरगा हुशार आहे," आईने पेई-शानला कळवलं. "तुला का नाही जमलं?"

का नाही जमलं, हा प्रश्न तिलाही होता. बिघाड शोधायची एकच पद्धत असते: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. आईचा पीसी तोच होता. घर तेच, पाऊस तोच. कंट्रोलर बदलला होता आणि जोडणारा बदलला होता.

तिने चाचणीच्या कपाटातले नवेकोरे कंट्रोलर टेबलावर मांडले. पहिला हातात घेतला, आपल्या पीसीला जोडला. लुकलुकला. स्थिर झाला. पीसी म्हणाला, कुणी नाही. तिने दुसरा घेतला. तेच. तिसरा घेईपर्यंत कोंग खुर्ची ओढत आला.

"ताई, दे इकडे." त्याने पहिला घेतला, पाच सेकंद दाबला, जोडला. पडद्यावर चाचणीच्या गेममधली मोटार सुसाट सुटली. "चांगला तर आहे."

"आता माझ्याकडे दे."

त्याने दिला. मोटार हळू झाली, रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. कंट्रोलर तिच्या तळव्यात थरथरला. टप, एकच, कुणीतरी उभ्या उभ्या वजन या पायावरून त्या पायावर घेतल्यासारखा.

दोघांनी हे जेवणाची सुट्टी संपेपर्यंत करून बघितलं. कोंगच्या हातात सगळे चालत. तिच्या हातात सगळे निघून जात.

"निष्कर्ष," कोंग मदत-केंद्राच्या आवाजात म्हणाला, "बिघाड कंट्रोलरमध्ये नाही, पीसीमध्ये नाही. बिघाड ताईत आहे. कृपया ताई बंद करून पुन्हा सुरू करा."

ती हसली. तोही हसला. मग तो आपल्या जागेवर गेला, आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच्या पीसीवरचं हिरवं पाकीट आणून तिच्या टेबलावर ठेवलं.

*

शनिवारी ल्याओ काकांनी कागदी कंट्रोलर तयार ठेवला होता. सुरेख होता. बटणं रंगवलेली, दोन्ही काड्या खरोखर हलणाऱ्या, आणि लालचुटूक दोऱ्याची वायर. देवळामागच्या अंगणात लोखंडी पिंप होतं. पाऊस थांबला होता, पण पत्र्यावरून पाणी टपकत होतं. आईने नवा स्वेटर घातला होता, पाहुणे यायचे असल्यासारखा.

काकांनी काडी पेटवली आणि फुंकर मारून विझवली.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "ह्या खेपेला नाव तेवढं नीट घ्या."

"म्हणजे?" आई म्हणाली.

"म्हणजे..." ते पिंपाच्या काठाकडे बघत बोलले. "मागच्या खेपेला गडबड झाली होती. कुणी बोललं नाही. त्या वेळी बोलण्यासारखं नव्हतंच."

"काय गडबड?" पेई-शानने विचारलं.

मागच्या खेपेला ती इथे नव्हती. म्हणजे होती, पण रस्त्याच्या तोंडाशी. भाड्याच्या गाडीवाल्याचं पार्किंगवरून कुणाशी तरी जुंपलं होतं आणि आईने सांगितलं होतं, तू जाऊन मिटव. ती मिटवून येईपर्यंत इथे राख झाली होती.

"आग धरली की ज्याचं आहे त्याला हाक मारायची असते," काका म्हणाले. "नाहीतर भलतेच घेऊन जातात. वहिनींनी मारली. मोठ्यांदा मारली. हा पीसी तुझा, हे घर तुझं, ये, घेऊन जा. सगळं बरोबर. फक्त नाव..." त्यांनी पेई-शानकडे हनुवटीने खूण केली. "यांचं घेतलं."

पत्र्यावरून एक थेंब रिकाम्या पिंपात पडला आणि टण्ण वाजला.

"एकदाच?" पेई-शानने विचारलं.

"तीनदा. तीनदाच मारायची असते."

"अडखळली होती?"

काकांना प्रश्न कळला नाही. "नाही. अगदी खणखणीत."

पेई-शानला हसू आलं. ते थांबेना. छत्तीस वर्षं तिने या एका चुकीची वाट बघितली होती. बालवाडीच्या फाटकापाशी, आजारपणात, निकालाच्या दिवशी, वेगळं घर घेऊन गेली त्या दिवशी. ती चूक झाली तेव्हा पेई-शान गाडीवाल्याला पावती दाखवत होती.

"मी असं म्हणाले?" आईचा चेहरा उतरला. पण तिचा उतरलेला चेहरा पेई-शानकडे वळला नाही. "म्हणजे त्याला पीसी मिळालाच नाही? इतके महिने? अगं बाई, पोरगा माझा!"

"परत नाही का मागवता येत?" पेई-शानने काकांना विचारलं. आवाज तिचा रोजचाच होता, मदत-केंद्राचा.

"पाठवलेलं परत येत नाही. ते ज्याच्या नावावर लागलं त्याचं." ते घाईने म्हणाले, "पण कागदच शेवटी. मनाला लावून घेऊ नका. मोटार हवी तर देतो एक, तशीच."

"नको," पेई-शान म्हणाली.

आईने मात्र मार्ग काढला होता. मार्ग काढण्यात ती पहिल्यापासून हुशार. "पीसी हिच्या नावावर असू दे. दोघांनी मिळून खेळावं. लहानपणी नाही का खेळायचे?" मग काकांनी पिंपात जाळ केला आणि तिने कागदी कंट्रोलर दोन्ही हातांनी आगीत ठेवला. लाल दोरा आधी पेटला. आईने डोळे मिटले, ओठ आवळले, परीक्षेला बसलेल्या मुलासारखं सगळं लक्ष एका नावावर आणलं.

"अ-होंग! तुझा कंट्रोलर आला रे! बहिणीकडे पीसी आहे, तिच्याकडे जा!"

तीनदा. एकदाही चुकली नाही.

"आई," पेई-शान म्हणाली.

"थांब गं, संपू दे."

संपलं. आईने खिशातून दोन नाणी काढली आणि ओल्या फरशीवर टाकली.

एक छाप, एक काटा.

*

घरी आल्यावर आई गुणगुणत होती. ओल शोषणाऱ्या यंत्राची बादली तिने ओतली, पेरू धुतला, विळीसारखी धारदार सुरी काढली. दुपारचे चार वाजले असावेत. खिडकीत करडा, सपाट उजेड होता.

"बघ ना, आता चालतो का," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "त्याचा त्याला मिळाला. आता तो आपला सोडेल."

पेई-शान अ-होंगच्या खुर्चीत बसली. खण उघडून तो जुना कंट्रोलर काढला. बॅटरी तिने मागच्याच आठवड्यात काढून ठेवली होती. ती घालावी की घालू नये, याचा विचार करत तिने तो हातात धरला.

दिवा लुकलुकला.

तिने कंट्रोलर उलटा केला. बॅटरीचा खण रिकामा होता. दोन स्प्रिंगा तेवढ्या.

दिवा स्थिर झाला.

या कंट्रोलरवर चार बारके दिवे असतात, ओळीने. एका यंत्राला अनेक जण जोडले गेले तर आपण कितवे ते कळावं म्हणून. इतके दिवस पहिला लागायचा. यात बघण्यासारखं काही नव्हतं; एकटं कुणी खेळत असेल तर पहिलाच लागतो.

आता दुसरा लागला होता.

तिने काडी पुढे ढकलली. काही नाही. मागे. काही नाही.

तिने अंगठा उचलला. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, कंट्रोलर मांडीवर राहू दिला.

टप.

टप. टप.

लाकडावरून कुणीतरी चालत होतं. टेबलापाशी थबकलं. वळसा घातला. खोली माहीत नसलेल्या माणसासारखं नाही. आपल्याच घरात चालतात तसं.

पावलं अगदी जवळ आली आणि थांबली.

"लागला का?" आईने आतून विचारलं.

"लागला," पेई-शान म्हणाली. "दुसरा लागलाय."

"दुसराच लागणार. तो मोठा आहे."

सुरी ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पेरूच्या फोडींवर आंबटगोड पूड भुरभुरल्याचा वास आला. चपला सरपटत तिच्या पाठीमागून गेल्या. मांडीवर कंट्रोलर तापलेला होता, कुणाच्या तरी हातून आत्ताच घेतल्यासारखा.

"पेई-शान," आई म्हणाली. पहिल्या झटक्यात. न अडखळता, मऊ आवाजात. "ये, खाऊन घे."

पेई-शानने मान वळवली.

आई पाठमोरी होती. तिने बशी पूर्वजांच्या फळीवर, फोटोपुढे ठेवली होती, आणि पेटलेली उदबत्ती दोन्ही हातांत धरून ती वर बघत, उत्तराची वाट बघत उभी होती.